परदेशी सहलीसाठी चलन घेताना: शतमान, गुणोत्तर आणि नफा-तोट्याचा एक पाठ (इयत्ता सहावी-सातवी)



सहावीच्या गणितात गुणोत्तर-प्रमाण, शतमान आणि नफा-तोटा हे घटक पाठोपाठ येतात. मुलं उदाहरणं सोडवतात, उत्तरंही बरोबर काढतात. पण कुण्या दुकानदाराने साडी कितीला घेतली आणि कितीला विकली यात त्यांचा जीव काही रमत नाही. म्हणून हे तिन्ही घटक मी एकाच विषयाला बांधून घेतले. विषय असा: परदेशात जाताना रुपये देऊन तिथलं चलन घ्यायचं असतं, ते स्वस्तात पडलं की महागात हे कसं ओळखायचं?

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हा विषय कशाला, असं कुणालाही वाटेल. मी वर्गात विचारलं, की तुमच्या ओळखीतलं कोण कोण देशाबाहेर जाऊन आलंय? एकीचे नाना-नानी उमराहला निघाले होते. एकाचे आजोबा बौद्ध स्थळांच्या यात्रेत लुंबिनीला जाऊन आले होते. कुणाचा मामा दुबईत कामाला, तर कुणाच्या आत्याची थायलंडची सहल ठरलेली. म्हणजे रियाल, नेपाळी रुपया, दिरहम आणि बात अशी चार चलनं एका वर्गात निघाली. बहुतेक घरांत हा प्रवास आयुष्यात एकदाच होतो, त्यामुळे भावाचा अनुभव कुणालाच नसतो. आणि चलन विकणाऱ्याला तो रोजचा असतो.

आधी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास

आपल्या भागाला दोन चलनांचा हिशोब नवा नाही. परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती तेव्हा इथं हाली सिक्का चालायचा. इंग्रजी मुलखातल्या रुपयाला लोक कलदार म्हणत. दोन्हींचं नाव रुपया, पण किंमत वेगळी: ७ हाली म्हणजे ६ कलदार. १०० कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. मनमाड इंग्रजी मुलखात होतं, तेव्हा परभणीहून रेल्वेनं तिकडं जाणाऱ्याला हा हिशोब तोंडपाठ असावाच लागे. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, तरी हाली सिक्का लगेच गेला नाही. १९५० पासून भारतीय रुपया त्याच्या जोडीनं चालू लागला आणि हालीचं चलन पूर्णपणे रद्द झालं ते १९५९ मध्ये.

मुलांना फळ्यावर उदाहरण दिलं, "७० हाली दिले तर किती कलदार?" ७:६ हे गुणोत्तर एका मिनिटात समजलं. पुढचा प्रश्न मुद्दाम टाकला, "सराफानं ७० हालीचे ५८ च कलदार दिले तर?" एक मुलगा म्हणाला, "सर, दोन त्यानं ठेवून घेतले." बरोबर. जुन्या लोकांकडे त्याला छान शब्द होता, वटणावळ. ६० पैकी २ म्हणजे शेकडा ३.३३ वटणावळ झाली. बाकीचा सगळा पाठ या एका गोष्टीवर उभा आहे.

वटणावळ लपते कुठे

आज डॉलर घ्यायला गेलो तर वटणावळ अशी वेगळी कुणी सांगत नाही. ती भावात मिसळलेली असते. ती बाहेर काढायची तर मधला दर माहीत हवा. बँका आपापसांत मोठ्या रकमांचे व्यवहार ज्या दराच्या आसपास करतात, तो मधला दर. मोबाईलवर शोधलं की जो भाव दिसतो तो साधारण हाच. शिवाय एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी डॉलर, पौंड, युरो, येन यांचा संदर्भ दर जाहीर करते. या दराने आपल्याला नोटा कुणीच देणार नाही, द्यावा अशी अपेक्षाही नको. नोटा आणायला, सांभाळायला, विमा काढायला खर्च येतो. पण मोजायची पट्टी म्हणून हाच दर धरायचा.

वर्गाच्या चार कोपऱ्यांत मी चार दुकानं मांडली. खालचे सगळे भाव गणितासाठी धरलेले आहेत, आजचे समजू नयेत. मधला दर १ डॉलर = ९० रुपये आणि आपल्याला हवेत ८०० डॉलर.

पहिलं दुकान: भाव ९१.२०, वेगळं शुल्क नाही.
दुसरं दुकान: भाव ९३.५०, वर मोठी पाटी "शून्य कमिशन".
तिसरं दुकान विमानतळावरचं: भाव ९७.
चौथं दुकान: भाव ९०.८०, पण प्रत्येक व्यवहाराला ५०० रुपये सेवाशुल्क.

कोणत्या दुकानात जाल, असं आधी नुसतं विचारलं. निम्मी मुलं "शून्य कमिशन"कडे धावली. काही चौथ्याकडे गेली, कारण भाव सगळ्यांत कमी. पहिल्या कोपऱ्यात दोघंच उभी राहिली. मग वह्या काढायला लावल्या.

मधल्या दराने ८०० डॉलरचे ७२,००० रुपये होतात. पहिल्याकडे ७२,९६० लागतात, म्हणजे ९६० जास्त, शेकडा १.३३. दुसऱ्याकडे ७४,८००, म्हणजे २,८०० जास्त, शेकडा ३.८९. विमानतळावर ७७,६००, म्हणजे तब्बल ५,६०० जास्त, शेकडा ७.७८. चौथ्याकडे ७२,६४० अधिक ५००, एकूण ७३,१४०, म्हणजे शेकडा १.५८.

शून्य कमिशनवाल्यानं खोटं काही सांगितलं नाही. कमिशन घेतलंच नाही त्यानं! साडेतीन रुपये भावातच लावून घेतले. हे लक्षात आल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. पालकांनी एवढंच पक्कं धरावं: भाव किती, कमिशन किती असं विचारत बसू नका. "८०० डॉलर माझ्या हातात पडायला सगळा कर, सगळं शुल्क धरून एकूण किती रुपये लागतील?" हा एकच प्रश्न तिन्ही-चारी ठिकाणी, एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात विचारा. भाव दिवसभरात हलतो. काल एकाला आणि आज दुसऱ्याला विचारलं तर तुलना होत नाही.

सातवीच्या मुलांना चौथ्या दुकानावर आणखी थांबवलं. रक्कम कितीही असली तरी शुल्क ५०० च. मग किती डॉलर घेतले की चौथं दुकान पहिल्याइतकंच पडेल? भावातला फरक ४० पैसे. ५०० ला ०.४० ने भागलं की उत्तर १,२५०. त्याहून जास्त डॉलर घ्यायचे असतील तर चौथं स्वस्त, कमी असतील तर पहिलं. शंभरच डॉलर हवे असतील तर चौथ्याकडे ९,५८० आणि पहिल्याकडे ९,१२०. मुलांना इथं समीकरणाचा उपयोग दिसतो. आणखी एक गंमत अशी की चलन प्रत्येकाच्या पासपोर्टवर वेगळं मिळतं. नवरा-बायकोंनी ४००-४०० डॉलर घेतले तर बिलं दोन आणि सेवाशुल्कही दोनदा.

बिलातली छोटी ओळ

चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, आणि इथं बरेच जण घाबरतात की पूर्ण रकमेवर १८ टक्के जाणार. तसं नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का हे सेवेचं मूल्य धरतात (किमान २५० रुपये) आणि त्या मूल्यावर १८ टक्के कर लागतो. ७२,९६० चा १ टक्का ७२९.६०, त्यावर १८ टक्के म्हणजे साधारण १३१ रुपये. टक्क्याचा टक्का काढायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. एक लाखाच्या वर हिशोब बदलतो: १,००० रुपये अधिक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का हे मूल्य धरतात, आणि दहा लाखांच्या पुढे त्याहून कमी. सेवाशुल्कावर मात्र पूर्ण १८ टक्के. म्हणजे चौथ्या दुकानाचे ५०० खरं तर ५९० झाले. मुलांना वरचं समीकरण पुन्हा सोडवायला द्या. उत्तर आता १,४७५ येतं.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर बिलात टीसीएस दिसतो. तो खर्च नव्हे, आपल्या नावावर आगाऊ जमा झालेला कर आहे. आयकर विवरणपत्र भरताना तो वजा होतो किंवा परत मिळतो. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत राहतात, त्यामुळे इथं आकडा देत नाही. पावती मात्र जपून ठेवा.

रियालचं उदाहरण

काही चलनांच्या बाबतीत मधला दर आपल्याला मनातच काढता येतो. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलर = ३.७५ रियाल. दुबईचा दिरहमही तसाच, १ डॉलर = ३.६७२५ दिरहम. डॉलर ९० रुपये असेल तर रियाल ९० भागिले ३.७५ म्हणजे बरोबर २४ रुपये. दिरहम साधारण साडेचोवीस. आता कुणी रियाल २५.२० सांगितला तर पाच टक्के वटणावळ आहे हे कागद-पेनाशिवाय कळतं.

पूर्वी हज कमिटीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूला भरलेल्या रकमेतूनच २,१०० रियाल मिळत. २०२३ पासून ती सक्ती निघाली, ज्याचे त्यानं घ्यावेत असं झालं. हे बरं झालं, पण त्याबरोबर भाव विचारायची जबाबदारीही घरच्यांवर आली. म्हणून आम्ही वर्गात २,१०० रियालचाच हिशोब केला. २४ ने ५०,४००. २४.३० ने ५१,०३०. २५.२० ने ५२,९२०. दोन भावांतला फरक १,८९० रुपये, आणि जोडप्याचा ३,७८०.

ज्या मुलीचे नाना-नानी उमराहला निघाले होते, तिनं हा हिशोब वहीत लिहून घरी नेला. त्यांना रियाल एका ओळखीच्या माणसाकडून घ्यायचे होते. घरच्यांनी बँकेत आणि आणखी एका परवानाधारक ठिकाणी फोन करून एकूण रक्कम विचारली, तर दोघांमिळून तीन हजारांच्या आसपास फरक निघाला. नानांनी शिलाई मशीनवर बसून साठवलेल्या पैशातले तीन हजार! शिवाय त्या ओळखीच्या माणसाकडे पावती नव्हतीच. पावती नसेल तर नोट खोटी निघाल्यावर विचारायचं कुणाला? रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्याकडून चलन घेणं फेमा कायद्यातही बसत नाही. परवानाधारकांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, ती बघूनच जावं.

जाता जाता एक माहिती, मुलांना फार आवडते: १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं हज यात्रेकरूंसाठी १० आणि १०० रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या. त्यांवर "हज" असं छापलेलं असे. भारतात त्या चालत नसत, सौदीत जाऊन बदलून घ्यायच्या. नोटांच्या संग्रहालयात आता त्यांचे फोटो बघायला मिळतात.

दोनदा बदलणं कधी स्वस्त, कधी महाग

थायलंडच्या बातचं गणित थोडं उलटं आहे. आपल्याकडे बातच्या नोटांना गिऱ्हाईक कमी, म्हणून वटणावळ जास्त. डॉलरला गिऱ्हाईक भरपूर, म्हणून वटणावळ कमी. समजा मधल्या दराने १ बात = २.८० रुपये, पण इथं मिळतो २.९८ ला. २०,००० बातचे ५९,६०० रुपये झाले. आता ९१.२० ने डॉलर घेतले आणि बँकॉकमध्ये १ डॉलरला ३२ बात मिळाले, तर ६२५ डॉलर लागतील, म्हणजे ५७,०००. दोनदा बदलूनही २,६०० रुपये वाचले. पण विमानतळावरच ३० च्या भावाने बदलले तर? ६६७ डॉलर लागतील, साधारण ६०,८००. फायदा गेला, वर तोटा. तेव्हा दोनदा बदलणं चांगलं की वाईट असा नियम नाही, दोन्हीकडून भागाकार करून बघायचा. उतरल्यावर टॅक्सीपुरते पैसे विमानतळावर घ्यावेत आणि बाकीचे शहरात. तिथं १०० डॉलरच्या नोटेला सुट्या छोट्या नोटांपेक्षा भाव चांगला मिळतो. फाटकी किंवा लिहिलेली नोट घेत नाहीत, म्हणून इथूनच कोऱ्या नोटा मागून घ्या.

रियाल-दिरहमच्या बाबतीत मात्र आपल्याकडे मागणी चांगली असल्यानं सरळ घेतलेलेच बहुधा परवडतात.

कार्ड

बँकेचं साधं कार्ड परदेशात वापरलं की बऱ्याच बँका २ ते ३.५ टक्के मार्कअप लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. ३.५ चे ४.१३ टक्के झाले. काही कार्डांना मार्कअप खूप कमी असतो, बँकेत विचारून घ्यावं. परदेशी वापर आधी चालू करावा लागतो, नवीन कार्डावर तो बंदच असतो. फॉरेक्स कार्डात ज्या चलनाचे पैसे भरले त्याच चलनात खर्च करा. डॉलर भरून बातमध्ये खर्च केला तर पुन्हा वटणावळ.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी. परदेशी दुकानात कार्ड घासताना मशीन विचारतं, "रुपयात द्यायचे की इथल्या चलनात?" रुपये दिसले की आपल्याला ओळखीचं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. रुपये निवडले की भाव त्या दुकानाच्या मशीनचा लागतो, आणि तो सहसा वाईट असतो. नेहमी तिथलंच चलन निवडा.

लुंबिनीला जाणाऱ्यांसाठी

नेपाळचं सगळ्यांत सोपं. १९९३ पासून १०० भारतीय रुपये = १६० नेपाळी रुपये, हा भाव बांधलेला आहे. तरी इथंच सगळ्यांत मोठा फटका बसतो, कारण दोन्ही चलनांचं नाव रुपया. अगदी हाली-कलदारसारखं! तिथले दुकानदार भारतीय रुपयाला आयसी आणि नेपाळी रुपयाला एनसी म्हणतात. लॉजवाल्यानं खोलीचे २,४०० सांगितले ते एनसी असतील तर आपले १,५०० च होतात. न विचारता २,४०० भारतीय दिले तर ९०० जास्त गेले, शेकडा ६०. विमानतळावरचा चोरही इतकं घेत नाही. तेव्हा प्रत्येक वेळी "आयसी की एनसी?" हे विचारायचं.

सोनौलीच्या नाक्यावर कुणी १०० ला १५५ देत असेल तर १०,००० मागे ५०० नेपाळी रुपये गेले. सीमेजवळ आणि यात्रेच्या ठिकाणी भारतीय नोटा बऱ्याच ठिकाणी घेतात, म्हणून सगळेच पैसे बदलायची गरज नसते. १०० आणि त्याखालच्या नोटा जवळ ठेवा. मोठ्या नोटांबाबत नियम बदलत आलेत, निघण्याच्या आधी चौकशी करा.

उरलेलं चलन, म्हणजेच नफा-तोटा

२०० डॉलर उरले. घेतले होते ९१.२० ला, दुकानदार परत घेतो ८८.५० ला. दर डॉलरमागे २.७० तोटा, एकूण ५४०. परत करतानाही जीएसटी लागतो. १७,७०० चा १ टक्का १७७ होतो, पण किमान मूल्य २५० असल्यानं कर ४५ रुपये. एकूण ५८५. म्हणून अंदाज थोडा हात आखडूनच करावा. कमी पडले तर कार्ड आहेच, जास्तीच्या नोटा दोन्ही वेळा वटणावळ खातात.

नियमही सांगून टाकतो. परत आल्यावर १८० दिवसांच्या आत उरलेलं चलन परत करायचं असतं, २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात. बहुतेक देशांना जाताना एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच्याच नोटा मिळतात, हज-उमराहला वेगळी सवलत आहे. ५०,००० रुपयांच्या वरचं चलन रोख देऊन मिळत नाही, चेक किंवा खात्यातून पैसे द्यावे लागतात. प्रवासाच्या ६० दिवस आधीपर्यंत चलन घेता येतं. आपल्याकडे याला महत्त्व आहे, कारण बँकेच्या प्रत्येक शाखेत परदेशी नोटा नसतात, मागवाव्या लागतात. देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला उतरून सरळ विमानतळ गाठणाऱ्यापुढे शेवटी ते तिसरं दुकानच उरतं.

वर्गात घेण्यासाठी

वरची चार दुकानं मांडायला एक तासिका लागते, रियाल आणि नेपाळचं उदाहरण दुसऱ्या तासिकेत. भाव त्या दिवशीचे घेतले तर मुलं जास्त रमतात, मात्र पहिल्यांदा ९० सारखा सोपा आकडा घ्या, नाहीतर भागाकारातच तास संपतो. गृहपाठाला मी हे तीन प्रश्न दिले:

१) ३५० हालीचे किती कलदार? सराफानं २९१ दिले तर शेकडा वटणावळ किती?

२) डॉलर ८८.५० रुपये असताना रियालचा मधला दर किती? २४.५४४ ने मिळत असेल तर शेकडा किती जास्त?

३) एका दुकानाचा भाव ९१.५०, शुल्क नाही. दुसऱ्याचा ९१, शुल्क जीएसटीसह ३५४. कोणत्या रकमेला दोन्ही सारखे?

उत्तरं: ३०० कलदार, ३ टक्के, २३.६० रुपये, ४ टक्के, ७०८ डॉलर.